‘अकुलीन’ ऐकून मी थँक्यू म्हणायची

घिवलीच्या मावशीचं आधी सांगते. बोईसरला दारोदार मासळी विकते ती. माझ्या नात्यातली नाही. माझं गाव तिकडं परभणीकडं. तरी मला खरं सांगणारी ती एकटीच निघाली.

मी सालवडला राहायची. एका मॅडमच्या घरी स्वयंपाकपाणी, धुणीभांडी करायची. त्यांचे साहेब कंपनीत मोठे. तुला पॅकिंगला लावतो म्हणाले होते. त्या आशेवर दिवस काढत होते.

एकदा पाहुण्यांपुढं चहा ठेवला. मॅडम म्हणाल्या, "ही आमची अकुलीन. पण हाताला चव आहे हो."

सातवीतच शाळा सुटली माझी. 'शालीन' शब्द पुस्तकात होता. हा त्याचाच भाऊ असेल, असं वाटलं. मी म्हणाले, "थँक्यू मॅडम."

पाहुणे हसले. पोट धरून हसले. मीही हसले.

मग तो खेळच झाला. कुणी आलं की मॅडम तसं म्हणायच्या आणि माझ्या थँक्यूची वाट बघायच्या. मी म्हणायची. वर फोनवर मायला सांगितलं, मला इथं अकुलीन म्हणतात. मायनं आख्ख्या गल्लीत सांगितलं.

एक दिवस मावशी बोंबील घेऊन दारात उभी होती. तिनं ऐकलं. जिन्यात मला गाठलं.

"हसतेस काय गो? शिवी घातली तुला तिनं."

"शिवी?"

"जिला कूळ नाय ती. हलक्या घरची. आमाला पन बोलून झालाय."

मॅडम राहिल्या बाजूला, मायचं तोंड डोळ्यांपुढं आलं.

पुढच्या पाहुण्यांपुढं मॅडम परत तेच म्हणाल्या. मी ट्रे खाली ठेवला. मी म्हणाले, "अर्थ कळला मला. तसं म्हणू नका."

"अगं, गंमत करतो आम्ही! एवढं लागलं?" आणि मग हळूच, "पॅकिंगचं विसर आता."

माफी ओठावर आली होती. गिळली.

पॅकिंग तर गेलंच, मॅडमकडचं कामही गेलं. सध्या मावशीकडं बोंबील वाळत घालते. पुढं काय, ठाऊक नाही. भीती वाटते. माय अजून विचारते, "म्हणतात का गं तुला तसं?" काल मी हो म्हणाले.

आता हो म्हणणार नाही. तिला अर्थ सांगणार. रडेल. रडू दे. लेकीला घातलेली शिवी ती मिरवत फिरते, ते मी चालू देणार नाही.

मावशे, आज माझ्याकडं द्यायला काही नाही. पण तुझं हे मी फेडीन.