बोकडाचा डावा जबडा

पूर्णमानचा हात आधी चालायचा आणि डोकं मागाहून यायचं. नेपाळातल्या आमच्या पनौती गावात हे लहान पोरांनाही ठाऊक होतं. विशीत त्यानं एका तेल्याचा हात मोडला आणि सात महिने धुलिखेलच्या तुरुंगात काढले. स्वतःच्या वरातीत सासऱ्याच्या कानाखाली वाजवली. बायको मार खाऊन खाऊन माहेरी गेली ती परतलीच नाही, आणि बरंच केलं तिनं. पण कुणी मेलं की गावाला आठवायचा तो पूर्णमानच. सी-गुठी म्हणजे मेलेल्यांना उचलणारी आमची मंडळी. त्या मंडळीत त्याच्यासारखा खांदा दुसऱ्या कुणाचा नव्हता.

ऐंशी उलटलेली आई, थकुमया, त्याच्याच घरी राहायची. तिच्यापुढे मात्र हा राक्षस गाय व्हायचा. आमच्यात आईला अग्नी धाकट्यानं द्यायचा असतो, म्हणजे तो मान धाकट्या भावाचा, लालमानचा. थोरल्याच्या वाट्याला उरतो खांदा. आईची तिरडी आपण पुढून धरायची, या एका गोष्टीवर बासष्ट वर्षांचा पूर्णमान जगत होता.

बारा वर्षांनी मकरमेळा भरला. माघ महिनाभर पुण्यमाता आणि रोशीच्या संगमावर पाय ठेवायला जागा नव्हती. त्याच दिवसांत घाटावरच्या पडवीत गुठीचं भोज झालं. भोजात बोकडाच्या मुंडीचे आठ वाटे होतात. उजवा डोळा सगळ्यांत ज्येष्ठाला, मग डावा, मग कान, असं करत शेवटी डावा जबडा आठव्याला. कार्तिकात त्या आठांतला एक म्हातारा गेला होता, त्यामुळे आठवी जागा रिकामी होती. ती आपलीच, असं पूर्णमान महिनाभर गावभर सांगत सुटला होता.

पण ज्येष्ठपण वयावर नसतं, गुठीत कोण आधी आला त्यावर असतं. हा तुरुंगात होता तेव्हाच लालमानला आत घेतलं होतं. नियम याला ठाऊक नव्हता असं नाही. चाळीस वर्षांपूर्वीचे सात महिने कोण लक्षात ठेवतोय, असं त्यानं धरलं होतं. थकालीनं, म्हणजे गुठीच्या म्हाताऱ्या प्रमुखानं, ते बरोबर लक्षात ठेवले होते. जबडा लालमानच्या पानात पडला.

लालमान मुळात गरीब स्वभावाचा. त्यानं पान उचलून भावापुढे सरकवलं.

"घे की दादा, तुला हवा असेल तर."

तिथंच चुकलं. पूर्णमानच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"भीक घालतोस मला?"

दारू वाढायची पितळी झारी हाताशीच होती. ती त्यानं भावाच्या तोंडावर हाणली. तीन दात पानातल्या पोह्यांवर पडले, खालचा जबडा लोंबला, तरी हा थांबेना. लालमान आडवा झाला, तसा हा त्याच्या छातीवर बसला आणि झारी चेपेपर्यंत मारत राहिला. सोडवायला आलेल्या एकाची बरगडी मोडली, दुसऱ्याच्या मनगटाचा लचका तोडला. आंघोळीला उतरलेल्या बायका ओल्या लुगड्यांनिशी पळाल्या. चौघांनी दोरीनं आवळला तेव्हा कुठे तो आटोपला. एका जबड्यासाठी! शिजवल्यावर त्याला मांस तरी किती उरतं?

भोजात रक्त सांडणाऱ्याला गुठी बाहेर काढते. मग त्याच्या घरातलं मेलेलं माणूस कुणी उचलत नाही. त्याच संध्याकाळी पूर्णमानचं नाव कापलं. मी कुणाला भीत नाही, असं तो घरी येऊन भिंतीला ऐकवत होता. आई गाठोडं बांधत होती.

"मला लालमानकडे पोचव."

"का? मी काय कमी केलं तुला?"

"तुझ्या घरात मेले तर मला उचलणार कोण?"

"मी उचलेन."

"एकट्यानं? मेलेलं कुत्रं ओढतात तसं?"

सकाळी आईला पाठुंगळी घेऊन मेळ्याच्या गर्दीतून तो भावाच्या दाराशी गेला. भावजयीनं सासूला आत घेतलं आणि दार लावलं.

तिथं गेल्यापासून अकराव्या दिवशी आई गेली. मेळा अजून उठला नव्हता. पुढे तोंडाला फडकं बांधलेला लालमान अग्नीचं मडकं घेऊन, मागे तिरडी. पुलापाशी पूर्णमान गर्दीतून घुसला, पुढच्या माणसाला धक्का देऊन त्यानं बांबू खांद्यावर घेतला.

थकाली म्हणाले, "सोड. बाटवू नकोस तिला."

"घाटापर्यंत नेऊ द्या. मग जीव घ्या माझा."

मग मंडळी तुटून पडली. ज्याची बरगडी मोडली होती, त्यानं सरणाच्या लाकडानंच सुरुवात केली. पाठीवर, कानशिलावर, गुडघ्यांवर. कपाळ फुटलं, डोळ्यांत रक्त उतरलं. आयुष्यात पहिल्यांदा पूर्णमाननं उलटा हात उचलला नाही, कारण दोन्ही हात बांबूला होते. त्याची बोटं ठेचली, तरी सुटेनात.

त्या ओढाताणीत तिरडी कलली. प्रेत घसरलं आणि पिवळ्या कापडातून आईचा एक पाय बाहेर आला. पूर्णमाननं तो पाहिला आणि आपणहून बांबू सोडला. तो बाजूला होताच तिरडी सरळ झाली आणि त्याच्यावाचून घाट उतरून गेली.