अंधूक दीर्घिकेचं गणित

ऐंशीच्या दशकात मी रत्नागिरीच्या एका कॉलेजात फिजिक्स शिकवत होते. गुरुत्वाकर्षण फारच क्षीण असतं तिथे त्याचा नियमच बदलतो, असा एक नवा सिद्धांत मुंबईच्या मैत्रिणीने पाठवलेल्या झेरॉक्समध्ये वाचला. सोबत, जिथे गुरुत्वाकर्षण असंच क्षीण असतं अशा एका अंधूक, छोट्या दीर्घिकेतल्या ताऱ्यांचे वेग होते. महिनाभर मांडवीच्या खोलीवर लॉग टेबल घेऊन मी जुन्या आणि नव्या दोन्ही नियमांनी गणित केलं आणि ते कॉलेजच्या विज्ञान मंडळात मांडायला उभी राहिले.

पुण्याहून आलेले पाहुणे प्राध्यापक पहिल्याच समीकरणाला हसले. "बाई, जुना नियम चुकला म्हणता? त्यापेक्षा मुलांचा सिलॅबस पुरा करा."

"चुकला म्हटलेलं नाही, सर. तपासून पाहिलंय. आकडे तरी बघा."

"त्यात काय बघायचंय?" म्हणत ते उठले. प्राचार्य त्यांना चहाला घेऊन गेले.

मी संतापले होते. तरी बसून राहिलेल्या मुलांसमोर मी गणित शेवटपर्यंत सोडवलं. वेग मोजलेले तारे इतके थोडे होते की निकाल कुठल्याच बाजूने लागत नव्हता. हेच मला त्या माणसाला सांगायचं होतं. मी त्याला दोन पत्रं लिहिली, एकाचंही उत्तर आलं नाही. अजूनही त्याचं नाव छापलेलं दिसलं की माझं डोकं तापतं.