चौथ्या पावलाचा हिसका

घरात तिला सगळे मधली म्हणत, कारण तीन बहिणींत ती दुसरी. थोरलीला मान मिळाला, धाकटीला लाड, आणि हिला मिळाले थोरलीचे उतरलेले फ्रॉक. नशिबाला तरी थोडी लाज असावी की नाही? पण पोटापाण्याचा धंदाही मिळाला तो मधलाच.

कार्टूनच्या स्टुडिओत मुख्य चित्रकार पाय उचललेलं एक चित्र काढतो आणि पाय टेकलेलं दुसरं. त्या दोहोंच्या मधली चित्रं कुणीतरी काढायची, तेव्हा कुठे माणूस चालतो. ते कुणीतरी म्हणजे मधली. काचेखाली दिवा असलेल्या टेबलावर कागदावर कागद ठेवून बावीस वर्षं तिने माणसं चालवली, घोडे पळवले, पडदे हलवले. शेवटी तिचं नाव पडद्यावर यायचं, पण आईचा चष्मा पुसून होईपर्यंत ते वर निघून गेलेलं असायचं.

त्या वर्षी स्टुडिओला मोठं काम मिळालं. काळाच्या लिफ्टचे तीन सिनेमे आधीच धो धो चालले होते. त्यात एक म्हातारा लिफ्टमन असतो, त्याच्या लिफ्टला मजल्यांऐवजी सालं असतात, आणि बटण दाबलं की माणूस चाळीस वर्षं खाली. आता त्या सिनेमांवरून टीव्हीची कार्टून मालिका निघाली. सोबत सिनेमावाल्यांच्या मोठ्या ऑफिसातून सूचनांचा गठ्ठा आला. त्यातली पहिलीच सूचना अशी, की कुणी पदरचं काही घालायचं नाही.

मधलीची दोन कामं त्या महिन्यात परत आली होती. रेषा थरथरते, म्हणे. तिसरं परत आलं तर टेबल दुसऱ्याला देईन, असं चेकरसाहेबांनी तोंडावर सांगितलं होतं. प्रत्येक चित्र तपासून सही करणारे हे गृहस्थ स्वभावाने वाईट नव्हते, पण गोड बोलण्याचा त्यांना मनस्वी कंटाळा.

अशात तिच्याकडे अकराव्या भागातला तुकडा आला. लिफ्टमन आपल्याच तरुणपणात उतरतो आणि रस्त्याच्या कोपऱ्यावर उभा राहून स्वतःला कामावर जाताना बघतो. हाक मारायची नाही, हा लिफ्टचा नियम. तरुण माणूस डाव्या खांद्याला पिशवी लावून पाठमोरा निघून जातो. सगळा मिळून चार सेकंदांचा ऐवज, पण तो बघून मधलीला बाबा आठवले.

तिचे बाबा पाण्याचे मीटर वाचायचे. खांद्याला पिशवी अडकवून त्यांनी चाळीस वर्षं गावभर पायपीट केली. गेल्या वर्षी अर्धांगवायूने उजवी बाजू गेली आणि पायाला भिंगरी असलेला माणूस खुर्चीला खिळला. घरात त्यांचे फोटो ढीगभर होते, सगळे उभे नाहीतर बसलेले. चालतानाचा एकही नाही. एकदा ते खिडकीबाहेर बघत म्हणाले होते, “मी कसा चालायचो गं? आठवतच नाही.” आता तिने ठरवलं, नोकरी गेली तरी बेहत्तर, पण बाबांना एकदा चालताना दाखवायचंच.

तिने आठवून आठवून चित्रं काढली आणि कॅमेऱ्याखाली चालवून पाहिली. माणूस चालत होता, पण तो भलताच कुणीतरी. जगाला चालवणारीला स्वतःच्या बापाची चाल येईना! दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा. तिला रडूच आलं.

घरी येऊन तिने ते आईला सांगितलं. आई स्वयंपाकघरात भांडी पुसत होती. बाबा बाहेर डुलक्या घेत होते. आईने फडकं ठेवलं, दारामागची बाजाराची पिशवी डाव्या खांद्याला लावली आणि मोरीपासून दारापर्यंत चालत गेली. एक, दोन, तीन, आणि चौथ्या पावलाला खांद्याला हिसका. घसरलेली पिशवी वर. की पुन्हा एक, दोन, तीन.

मधलीच्या अंगावर सर्रकन काटा आला. सत्तरीची, गुडघ्यांनी गांजलेली ती बाई त्या आठ पावलांत आई राहिलीच नव्हती. स्वयंपाकघरातून बाबा चालत गेले होते, धडधाकट, पस्तिशीतले.

“पुन्हा चाल ना,” ती कशीबशी म्हणाली.

“गुडघे काय तुझ्या स्टुडिओने दिलेत?” आई म्हणाली, आणि आणखी दहादा चालली.

मधलीने मुख्य चित्रांना हात लावला नाही. जादा कागदही घेतला नाही. तो हिसका तिने मधल्या चित्रांतच बसवला. चेकरसाहेबांनी तो तुकडा पुन्हा पुन्हा चालवून पाहिला, मग कागद मोजले.

“हा खांदा उडवणं कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. माझे बाबा असे चालायचे. आता चालत नाहीत.”

साहेबांनी तुकडा आणखी एकदा चालवला. “मोजणीत कागद बरोबर आहेत,” ते म्हणाले आणि सही करून टाकली.

मोठ्या ऑफिसकडून काही परत आलं नाही. अकरावा भाग एका संध्याकाळी पाच वाजता लागला. मधलीने घरी काहीच सांगितलं नव्हतं. बाबा खुर्चीत, आई शेजारी. पडद्यावर तरुण माणूस निघाला. चौथ्या पावलाला हिसका आला आणि बाबा पुढे झुकले. दुसऱ्या हिसक्याच्या क्षणभर आधीच त्यांचा डावा खांदा आपोआप वर उडाला.

“हा मी आहे,” ते म्हणाले. जीभ जड, पण शब्द स्वच्छ. मधलीला हुंदका आवरेना. बाबा तिच्याकडे वळले. “तुला कसं ठाऊक? तू तर शाळेत असायचीस.”

“आईने चालून दाखवलं.”

बाबा आईकडे बघू लागले. “तू कधी पाहिलंस?”

“रोज. खिडकीतून. तुम्ही कोपऱ्यावर दिसेनासे होईपर्यंत.”

“कधी हाक नाही मारलीस.”

“कामावर जाणाऱ्याला कशाला हाक मारायची?”

बाबा म्हणाले, “चाळीस वर्षांत मी एकदाही वळून पाहिलं नाही.”

“म्हणून तर चाल पाठ झाली,” आई म्हणाली. “तोंड दिसलं असतं, तर तेच बघत बसले असते.”

दुसऱ्या दिवशी आई दुकानात निघाली तेव्हा बाबांनी मधलीला खुर्ची खिडकीशी न्यायला सांगितली. आई पिशवी घेऊन रस्त्याने निघाली, उजवा गुडघा जपत, भिंतीच्या कडेकडेने. बाबा डोळ्याची पापणी न लववता बघत होते. कोपऱ्यावर पोचल्यावर आई थांबली, आणि तिने वळून पाहिलं.