संगीतखोलीचं दार

कासिमिरो सुतार हा आमच्या मोंतेआल्बारमधला सगळ्यात हट्टी माणूस. बायको त्याला खेचर म्हणून शिव्या घालत सोडून गेली, आणि तिचं काही चुकलं असं गावात कोणालाही वाटलं नाही. पण गुड फ्रायडेला येशूचा पासो निघाला की याच गावाला मुकादम म्हणून तोच लागायचा. सोन्याच्या मुलाम्याचं ते अवजड लाकडी मखर, वर क्रूस घेतलेला येशू, आणि खाली मखमली झालरीच्या आत, अंधारात, मानेवर चुंबळ बांधलेले आम्ही भोई. झालरीखालून बाहेरच्यांचे बूट तेवढे दिसतात. बाकी सगळा भरवसा मुकादमाच्या आवाजावर. तो मखराच्या पुढच्या बाजूची पितळी मूठ ठोकतो आणि आम्ही एका झटक्यात उठतो. प्रत्येक उचल कोणाच्या तरी नावाची असते, कोणाच्या आजारी आईची, कोणाच्या गेलेल्या बाळाची. ते नाव मुकादम मोठ्याने घेतो.

मठाच्या वसतिशाळेसमोरची उचल मात्र वर्षानुवर्षं एकाच नावाची होती. फादर अमान्सियो, शाळेचे संस्थापक, गावाचे मोठे पुण्यवान! त्या पुण्यवानाने संगीतखोलीत पोरांचं काय केलं ते कासिमिरोला ठाऊक होतं, मला होतं आणि तिनोला होतं. आम्ही एका बाकावरचे. खोलीचं दार जाड फळ्यांचं, कडी आतून. आत एक पोर असलं की बाहेरच्यांनी स्तोत्रं म्हणायची. "मोठ्याने! अजून मोठ्याने!" आतून फादर ओरडायचा. आम्ही घसा फोडून देवाला आळवायचो.

म्हातारा गादीवर सुखाने मेला. तिनोने मात्र ऑलिव्हच्या बागेत गळफास घेतला. त्याला खाली उतरवणारा कासिमिरो. त्या दिवसापासून त्याच्या तोंडाचं कुलूप निघालं ते निघालंच. बिशपकडे गेला, कोर्टात गेला. मुदत संपली, म्हणाले. मग दुसऱ्या गावांतले, तशाच दारांमागून आलेले लोक त्याने हुडकून काढले. त्याच्या कारखान्यात, भुशाच्या वासात, आम्ही जमायचो. आमच्या गावचे तिथे आम्ही दोघंच.

"मेलेल्याला फाशी देता येत नाही," कासिमिरो म्हणायचा. "पण पोरं अजून तिथेच शिकतात. दार बदलायचं. काच हवी आणि आत कडी नको. जगातल्या कुठल्याच देवाला बंद खोली लागत नाही."

काचेचं नवं दार त्याने स्वतःच बनवलं आणि खांद्यावर घालून शाळेत पोचवलं. दुसऱ्या दिवशी ते काच फुटून परत आलं. पाठवणारे पासो काढणाऱ्या मंडळाचे अध्यक्ष डॉन गुमेर्सिंदो, तेलाच्या घाण्याचे मालक. मग कोणीतरी कासिमिरोच्या कुत्रीला मारून कारखान्याच्या चौकटीला टांगलं. मग त्याच्या बरगड्या मोडल्या. मंडळाला तो मुकादम म्हणूनही नको होता, पण भोयांनी सांगितलं, तो नाही तर आम्हीही नाही.

त्या शुक्रवारी भर दुपारी पासो शाळेसमोर टेकला. आम्ही घामाने निथळत होतो. बाहेरून आवाज आला, "वाघांनो, ऐकताय ना?"

"ऐकतोय, मुकादम!"

"ही उचल फाउस्तिनोची. आपल्या तिनोची. या शाळेच्या संगीतखोलीत त्याला..."

"बँड!" गुमेर्सिंदो किंचाळले. "वाजवा! मोठ्याने! अजून मोठ्याने!"

ढोल कडाडले. झालरीखालून काळे चकचकीत बूट धावत आलेले दिसले. आधी कासिमिरोचे गुडघे दगडावर आपटले, मग त्याचा चेहरा, माझ्यापासून हातभर अंतरावर. बूट तोंडावर बसला. रक्ताबरोबर एक दात घरंगळत आत आला. त्याचा उजवा हात अजून मुठीकडे चाचपडत होता. त्यावर कोणीतरी चांदीच्या टोकाची काठी हाणली. पुन्हा हाणली. बोटं वेडीवाकडी झाली.

मग गुमेर्सिंदोंनी स्वतः मूठ ठोकली. "फादर अमान्सियोंच्या नावाने, वर!"

कोणी हललं नाही.

"उठा, हरामखोरांनो!" काठ्या झालरीतून आत घुसल्या. माझी नडगी फुटली. शेजारच्या बेर्नाबेच्या कानातून रक्त आलं. हा बेर्नाबे आमच्याहून बराच मोठा, जन्मात आमच्या बैठकीला न आलेला. तो दात-ओठ खात पुटपुटला, "अजून मोठ्याने म्हणे. तो फादरही असाच ओरडायचा."

मी त्याच्याकडे पाहतच राहिलो.

येशूला त्या दिवशी रस्त्यात सोडून जाणं म्हणजे गावाच्या तोंडाला कायमचं काळं. हे गुमेर्सिंदोंना कळत होतं, आणि खाली पडलेल्या कासिमिरोलाही. "संगीतखोलीचं दार बाहेर आणा," तो रक्त थुंकत म्हणाला. "मग उठेल येशू." उत्तरादाखल त्याच्या पोटात लाथ बसली.

तेवढ्यात बायकी बुटांची टकटक जवळ आली. पाववाली रेमेदिओस. "माझा पोरगा याच शाळेत झोपतो, डॉन. बाजूला व्हा."

"घरी जा, बाई. हे पुरुषांचं काम आहे."

"पुरुषांचं काम बघितलं की आत्ताच!" ती म्हणाली, आणि तिच्यामागून आणखी कितीतरी काळे घागरे शाळेच्या फाटकातून आत गेले. बँड केव्हा थांबला कळलं नाही. आतून कुऱ्हाडीचे घाव ऐकू येत होते. नंतर दगडांवरून काहीतरी जड घासत आलं आणि पासोसमोर धाडकन पडलं.

कासिमिरो उठला असावा, कारण मूठ वाजली. डाव्या हाताने, हलकीच. "तिनोसाठी," तो म्हणाला. "आभाळाला टेकवा त्याला."

आम्ही असे उठलो की वरच्या मेणबत्त्या विझल्या.

वाट त्या दारावरूनच जात होती. आमच्या दोरीच्या चपलांचे तळ पातळ. फळ्यांवरची कडी मला पायाखाली नीट जाणवली. मी त्या कडीवर टाच दणकन आपटली. मागून बेर्नाबेची टाच तशीच दणकन पडली. मग त्याच्या मागच्याची. मग त्याच्याही मागच्याची, शेवटच्या रांगेपर्यंत.

आणि मला इतकी वर्षं वाटत होतं, गावात आम्ही दोघंच.