कमान नको म्हणणारी सुनंदा

सुनंदा गेल्याचं कळलं तेव्हा मी वर्गात शिकवत होते. शिपाई दाराशी येऊन नुसता उभा राहिला... त्याच्या चेहऱ्यावरूनच समजलं. तिच्या लांबलेल्या आजारपणात माझ्या मनाची तयारी झालीय, असं वाटत होतं. ती झाली नव्हती.

मुलुंडच्या आमच्या छोट्या विद्यापीठात मी इंग्रजी शिकवते. सुनंदा राणे मुलांना मुलाखतींसाठी तयार करायची, नोकऱ्या मिळवून द्यायची. वडील गिरणी कामगार, मूळ गाव मालवणकडचं, बोलणं रोखठोक. काही वर्षांपूर्वी मासळी-प्रक्रियेचा अभ्यासक्रम बंद करायचं घाटत होतं. विद्यार्थी जेमतेम अकरा, मासळी ठेवायला धड शीतगृहही नाही. त्याच सुमारास घाटकोपरचे एक उद्योजक देणगी द्यायला आले. त्यांना वडिलांच्या नावाने फाटकावर कमान हवी होती. कुलगुरू खूश. सुनंदा भर बैठकीत म्हणाली, "कमानीखालून आत येणार कोण, साहेब? आमची मुलं तर बाहेर पडतायत." मी टेबलाखालून तिला चिमटा काढला, पण ती थांबते कसली! "एकदा वर्गात चला," म्हणाली आणि त्यांना घेऊनच गेली.

वर्गात मढच्या कोळीवाड्यातली मानसी उभी राहिली. इंग्रजीत सुरुवात करून अडखळली. "मराठीत बोल गं," सुनंदा म्हणाली. मग मानसी सुटलीच. आई सकाळी मासळी घेऊन बाजारात बसते, दुपारपर्यंत बर्फ वितळतो, उरलेली मासळी मिळेल त्या भावाने द्यावी लागते. "मला हे बदलायचंय, सर."

उद्योजक म्हणाले, "माझे वडील हातगाडीवर फळं विकायचे. नासायला आलेली आम्ही घरी खायचो..."

कमान झाली नाही. शीतगृह झालं, प्रयोगशाळा झाली, अभ्यासक्रम टिकला. मानसी आज एका निर्यात कंपनीत मासळीची गुणवत्ता तपासते.

"देणगी गेली असती तर गं?" मी नंतर विचारलं होतं.

"माझी वाट लागली असती," ती हसली. "पण गप्प बसले असते तर अकरा जणांची लागली असती ना!"

परवा मुलाखती होत्या. सुनंदाच्या खोलीतलं लोखंडी कपाट मी उघडलं. ज्यांच्याकडे मुलाखतीला घालायला बरे कपडे नसत, त्यांच्यासाठी तिने त्यात शर्ट, कुर्ते, बूट जमवले होते. कुलूप नाही, नोंदवही नाही. न्यायचं आणि आणून ठेवायचं. तिला जाऊन पाच आठवडे झाले होते. वाटलं, आता धूळ साचली असेल... पण सगळे शर्ट धुऊन, ओळीने टांगलेले होते. मी एका बाहीला हात लावला. इस्त्रीची ऊब अजून गेली नव्हती.