परातमाशाच्या पाण्यात तीन नाणी

शरणप्पा अण्णा कुठल्याही वस्तूला आधी पालथा हात लावत. दाराची कडी, फ्रीज, इस्त्री. एवढंच काय, पहिल्या नातीच्या गालालाही त्यांचा आधी पालथाच हात लागला. वीज खात्यात तीस वर्षं लाइनमन राहिलेल्या माणसाची ही सवय. करंट बसला की मूठ आवळते. तळहात लावला असेल तर तार धरून ठेवते, पालथा असेल तर हात सुटतो. "जे भीत नव्हते ते समदे खांबावरून गेले," अण्णा म्हणत. "मी भितो, म्हणून पेन्शन खायलोय."

मूळ गाव हुलसूर. निवृत्त झाल्यावर बीदरला आमच्या शेजारी लाल दगडाचं बसकं घर घेऊन राहिले. मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. इतका भिणारा माणूस म्हातारपणी तुळशीला पाणी घालत बसेल असा माझा अंदाज होता. पुस्तकांच्या संगतीत राहिलेल्या माणसांचे अंदाज असतात तसा तोही निघाला.

अण्णांनी पुढच्या खोलीतले खुर्च्या-पलंग काढून तिथे काचेची टाकी बांधली. आठ फूट लांब, चार फूट रुंद, उंची मात्र दोनच फूट. कारण ज्यांना तिथे राहायचं होतं त्यांना वर जायचं नसतं, पसरायचं असतं. तळाशी बारीक वाळू, कोपऱ्यात पिंपाएवढा फिल्टर, हीटरला जाळी, हवेच्या पंपाला इन्व्हर्टर. महिनाभर त्यात नुसतं पाणी फिरत होतं. गल्लीतले लोक येऊन रिकामी टाकी बघत आणि मासे कुठं गेले म्हणून टोमणा मारत. "पाणी पिकायलंय," अण्णा सांगत. माशांची घाण पचवणारे जंतू फिल्टरमध्ये वस्तीला आल्याशिवाय मासा सोडायचा नाही, हे त्यांनी हैदराबादच्या दुकानदाराकडून शिकून घेतलं होतं.

मग एके दिवशी ते हैदराबादच्या बसमधून मांडीवर थर्माकोलची पेटी घेऊन उतरले. कोकणात ज्याला पाकट म्हणतात त्याच्या गोत्रातली, पण दूरच्या गोड्या नद्यांतली जोडी होती. परातीसारखं गोल, चपटं, तपकिरी अंग, त्यावर पिवळे ठिपके. मादी जेवणाच्या ताटाएवढी, नर बशीएवढा. गल्लीनं नाव ठेवलं परातमासा. शेपटीवर करवतीसारखा काटा आणि काट्यात विष. अण्णांनी टाकीशेजारी गरम पाण्याचा थर्मास कायमचा ठेवून दिला, कारण काटा लागला तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात हात बुडवायचा असतो. पाहुण्यांना तो चहाचा वाटे आणि ते उगाच ताटकळत बसत.

एक पुढारी चार कार्यकर्ते घेऊन बघायला आले होते. टाकीच्या काठावर हात ठेवून त्यांनी बीदरच्या लौकिकावर बोलायला सुरुवात केली. तेवढ्यात मादी वाळूतून उठली आणि पांढरं पोट काचेला लावून वर सरकली. पोटाच्या बाजूनं तिचं तोंड हसल्यासारखं दिसतं. पुढाऱ्यांचा हात खिशात गेला आणि लौकिक तिथेच थांबला. इतकं आटोपशीर भाषण मी त्याआधी ऐकलं नव्हतं.

त्या खोलीत कधीच न येणारं एक माणूस त्या घरात होतं. कमलाक्का, अण्णांची बायको. त्या स्वयंपाकघरातून मागच्या दारानं अंगणात जात आणि भिंतीला वळसा घालून पुढे येत. अण्णा गांडुळं चारायला बसले की त्या आतूनच विचारत, "काढला का हात?" काढला म्हणेपर्यंत त्यांची भाकरी तव्यावर करपत असे. खांबावर चढणाऱ्या नवऱ्याची वाट बघण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. आता कुठे तो जमिनीवर आला, तर त्यानं विष घरात आणून ठेवलं.

एका सोमवारी अण्णा फिल्टरचा भाग आणायला हैदराबादला गेले होते. अक्कांनी मला हाक मारली. गळ्यातलं लिंग पुजून झालं होतं, कपाळाला विभूती होती, हातात हळदकुंकवाची वाटी. आमच्या भागात नवी विहीर, नवी बोअर झाली की गंगेची पूजा करून पाण्यात पैसे सोडतात. एवढं पाणी घरात आलं आणि गंगेला विचारलंसुद्धा नाही, म्हणून ती ह्यांच्या हाताला काही करील, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. एकटीनं आत जायचं धाडस होत नव्हतं. मी दारात उभा राहिलो. त्यांनी काचेला बाहेरून दिसेल न दिसेल एवढं हळदकुंकू लावलं, देवघरातली निजामाच्या वेळची तीन तांब्याची नाणी काढली आणि माझ्याकडे बघितलं.

"चालतंय न्हवं सर? तुमी लई वाचलेले."

"नाण्यानं काय होतंय," मी म्हणालो. पूजाअर्चा आमच्या घरातून आजोबांच्या वेळीच गेली होती. त्यामुळे अशा गोष्टींकडे उदारपणे हसून बघायची मला सवय होती. मी तसाच हसलो आणि अक्कांनी नाणी पाण्यात सोडली.

गुरुवारी सकाळी अण्णा मला बोलवायला आले. त्यांचा चेहरा बघून मी चप्पल न घालताच त्यांच्यामागे गेलो. दोघंही मासे वाळूवर पडले होते आणि त्यांच्या अंगाच्या कडा तव्यावरच्या पापडासारख्या वर वळल्या होत्या. कडा वळल्या की परातमासा फार काळ राहत नाही. अण्णांनी पहाटेच अर्धं पाणी बदललं होतं. कागदाच्या पट्ट्या बुडवून पाणी तपासलं होतं, त्यात दोष नव्हता.

"काय तरी पडलंय पाण्यात," ते म्हणाले. "साबण, तेल, औषध. न्हाईतर तांबं. तांबं तर ह्यांना जहरच."

स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला होता. काही विचार न करता मी बोलून गेलो, "नाणी मी टाकली, अण्णा."

ते माझ्याकडे वळले. "तुमी? तुमी देवळासमोर चप्पलबी काढत न्हाई. तुमी गंगेला पैसे कामून टाकताव?"

अक्का दारात आल्या. "मी टाकले," त्या म्हणाल्या. "तुमच्या हातासाठी."

आता काय होतं म्हणून मी भिंतीला टेकलो. अण्णा रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एकच विचारलं, "किती?"

"तीन."

"तीनच न्हवं? नीट आठव."

"तीनच."

नाणी वाळूत बुडाली होती. जाळीनं उकरावं तर मासे उधळले असते. त्यांना बाहेर काढावं तर घरात दुसरं पिकलेलं पाणी नव्हतं. हातानंच चाचपायला हवं होतं आणि अण्णांच्या दोन्ही हातांच्या बोटांची टोकं एका जुन्या धक्क्यात मेलेली. त्यांना खडा आणि नाणं एकच. ते माझ्या हाताकडे बघायला लागले.

"मला जमणार नाही," मी म्हणालो. ते खरं होतं.

"म्हणून तर तुमाला सांगायलोय. जमतंय म्हणणाऱ्याला मी हात घालू देत न्हाई."

पाणी कोमट होतं. मी बोटं वाळूत खुपसून एका कडेनं चाचपत निघालो. पहिलं नाणं काचेच्या कोपऱ्यात लागलं, दुसरं फिल्टरच्या नळीपाशी. तिसरं सापडेना. सगळी वाळू झाली. राहिली ती फक्त मादी पडली होती तेवढी जागा.

"वरून हात नेऊ नका," अण्णा कानाशी बोलत होते. "वरून येतंय ते तिला मारायला येतंय. वाळूला घासत न्या. तोंडाकडून. भ्या सर, खुशाल भ्या. पण सावकाश."

तिची कड माझ्या मनगटावर आली. शिजलेल्या अळूच्या पानासारखी मऊ. बोटाला काहीतरी गोल लागलं आणि त्याच वेळी गावाजवळच्या हवाई दलाच्या विमानतळावरून लढाऊ विमान उठलं. काच थरथरली. मादी दचकली. तिची शेपटी माझ्या कोपरावर उभी राहिली. काटा मला स्पष्ट दिसला, त्याचे दातही दिसले.

"ओढू नका," अण्णा म्हणाले. इतका हळू आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता.

विमान गेलं. शेपटी वाळूवर आली. मी नाणं बाहेर काढलं आणि मग कितीतरी वेळ मला मूठ उघडता येईना.

दुपारी नर मेला. अण्णांनी त्याला अंगणातल्या सीताफळाखाली पुरलं. मादी जगली, तिच्या कडा सपाट व्हायला आठवडा लागला. मला ते एवढंच म्हणाले, "तुमच्या पुस्तकांत तांबं नव्हतं का सर?" अक्कांना दुसऱ्या दिवशी टाकीजवळ स्टूल देऊन बसवलं. "मी आजवर हात लावू नको, जवळ येऊ नको एवढंच म्हणलो," ते म्हणाले. "कामून नको, ते सांगितलंच न्हाई. चूक माझी हाय." आणि एकेक नळी दाखवत त्यांनी सगळं सांगितलं. अक्का स्टुलाच्या अगदी टोकावर बसून ऐकत होत्या.

पुढच्या वर्षी अण्णा हृदयविकारानं गेले. दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. तिसऱ्या दिवशी मी गेलो तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. कोणी दूरचे नातेवाईक उभे राहून दिवंगताच्या निर्भय वृत्तीविषयी बोलत होते. अक्का बायकांमधून उठल्या. बायकांनी हात धरला, आज राहू दे म्हणाल्या. पाणी बदलायचा दिवस होता, अक्का थांबल्या नाहीत. पुढच्या खोलीत जाऊन त्यांनी पदर खोचला आणि कोपरापर्यंत हात पाण्यात घालून खालची घाण ओढणारी नळी वाळूवर टेकवली. मादी सरकत त्यांच्या हाताशी आली.

अक्कांचा हात थरथरत होता. त्यांनी तो तिथेच राहू दिला.