बादशहाच्या अंगणात अळीव

चीनच्या बादशहाच्या राजवाड्यात मी अळीव पेरले होते आणि ते उगवलेही. (अमेरिकेत बॉथेलला आल्यापासून मी लावलेलं काही उगवण्याची ही पहिलीच वेळ. कोथिंबिरीनेसुद्धा मला कधी दाद दिलेली नाही!)

राजवाडा अर्थातच पुठ्ठ्याचा. माझी लेक ईरा सहावीत आहे आणि तिच्या शाळेत ‘म्युझियम नाइट’ होती. प्रत्येकाने जगातलं एक संग्रहालय निवडायचं, त्याचं मॉडेल करायचं आणि संध्याकाळी येणाऱ्या लोकांना गाइड बनून माहिती सांगायची. ईराने बीजिंगचा राजवाडा निवडला. तिथे जवळजवळ पाचशे वर्षं सामान्य माणसाला पाऊल टाकायची मनाई होती. आता ते संग्रहालय आहे, तिकीट काढून कुणीही आत जातं. तीन आठवडे ईरा गॅराजमध्ये बसून नाश्त्याच्या सीरियलच्या खोक्यांचे महाल कापत होती. छपरं पिवळी, भिंती लाल आणि मुख्य दरवाज्यावर नऊ ओळींत नऊ-नऊ सोनेरी मणी. शाळेचा नियम एकच होता, मोठ्यांनी मदत करायची नाही. केल्याचं कळलं तर मार्क कापणार.

सोमवारी सकाळी ती शाळेच्या कॅम्पला निघाली. परत येणार होती गुरुवारी संध्याकाळी आणि म्युझियम नाइट शुक्रवारी. जाताना तिने मॉडेलवर चिठ्ठी चिकटवली: ‘फॉरबिडन! धिस मीन्स यू, बाबा.’

“मुलीने बरोबर ओळखलंय तुला,” माझी बायको मंजिरी म्हणाली.

“मी कशाला हात लावतोय?” मी दुखावलेल्या आवाजात म्हणालो. तेव्हा ते खरंही होतं. कारण तोवर माझे वडील गॅराजमध्ये आले नव्हते.

बाबा सहा महिन्यांसाठी साताऱ्याहून आले होते. येताना बनियनमध्ये गुंडाळून त्यांनी दिवाळीच्या किल्ल्यासाठी अकरा मातीचे मावळे आणले होते. पण दिवाळीभर इथला पाऊस थांबला नाही. मागच्या अंगणात रचलेला आमचा किल्ला वाहून शेजाऱ्यांच्या गुलाबांपर्यंत गेला आणि मावळे तेव्हापासून बेकार होते. त्यात मीही जुना किल्लेवाला. लहानपणी आमच्या आळीच्या किल्ला स्पर्धेत मला सलग चार वर्षं दुसरा नंबर मिळाला. (पहिला दरवर्षी समोरच्या विन्याला. त्याच्या किल्ल्यात कारंजं होतं. मी ते विसरलेलो नाही.)

“छान केलंय पोरीने,” बाबा मॉडेलभोवती फेरी मारत म्हणाले. “पण सपाट आहे रे. डोंगर कुठाय?”

“सपाटच असतो, बाबा. राजवाडा आहे तो.”

“मग या फोटोत मागे काय दिसतंय?”

मी ईराचं पुस्तक उघडलं आणि तिथेच घात झाला. खंदकाची माती काढून राजवाड्याच्या मागे खरोखरच टेकडी केलेली होती!

“आणि खंदकात निळा कागद?” असं म्हणून बाबांनी माझ्याकडे पाहिलं. दुसरा नंबर घेऊन घरी यायचो तेव्हा पाहायचे, अगदी तसं.

“थोडीशी माती,” मी म्हणालो.

“थोडीशीच,” बाबा म्हणाले.

चार बादल्या लागल्या. बासमतीच्या रिकाम्या पोत्यांचा डोंगर झाला, त्यावर चिखल लिंपला. खंदकाला अ‍ॅल्युमिनियम फॉइल लावून त्यात खरं पाणी सोडलं. तेवढ्यात माझी मीटिंग सुरू झाली, म्हणून मी लॅपटॉप वॉशिंग मशीनवर ठेवून एका हाताने चिखल थापत राहिलो. कामात काही अडतंय का म्हणून मॅनेजरने विचारलं, “एनी ब्लॉकर्स?” मी म्हणालो, “माती फार पातळ झालीय.” मग आवाज म्यूट करायचं आठवलं.

“अळीव डोंगरावरच टाका हं, बाबा.”

“डोंगरावरच टाकतोय.”

पण बाबांचा हात सढळ. शिवाय त्यांच्या मते पुठ्ठ्यावर कुणी चालत नाही, म्हणून अंगणांतही चिखल सारवून झाला होता. थंडीत उगवणार नाहीत म्हणून मी हीटर लावला. मंगळवारी काहीच दिसेना, तेव्हा बाबांनी आणखी एक मूठ टाकली. बुधवारी मी एक टाकली. त्या आधीच्या दोन मुठींशिवाय बाबांनी मला न सांगता तिसरीही टाकलेली होती, हे गुरुवारी कळलं.

गुरुवारी दुपारी मंजिरीने येऊन गॅराजचा दिवा लावला. राजवाडा दिसतच नव्हता. हिरव्यागार रानातून दोन पिवळी छपरं तेवढी डोकं वर काढून होती. प्रत्येक बुरुजावर तलवार उपसलेला मावळा.

“तिचा रिपोर्ट वाचलास?” मॉडेलशेजारचे कागद उचलून मंजिरीने विचारलं. “यात लिहिलंय की मोठ्या अंगणांत एकही झाड नाही. मारेकऱ्याला लपायला जागा मिळू नये म्हणून, असं सांगतात.”

बाबा म्हणाले, “इथे तर अख्खी पलटण लपेल.” त्यांच्या आवाजात थोडा अभिमान होता!

ईरा यायला दोन तास होते. मी धावत जाऊन दाढीचा ट्रिमर आणला. पहिलं अंगण सुंदर निघालं, म्हणून मी उत्साहाने सिंहासनाच्या महालाकडे वळलो. ट्रिमर चिखलात रुतला, घरघरला आणि महालाचं छप्पर उडून खंदकात पडलं. पिवळा रंग पाण्यात उतरला. मी ते छप्पर बोटांनी बाहेर काढत असतानाच ईरा पाठीवर सॅक घेऊन दारात उभी राहिली.

“बाबा. व्हॉट डिड यू डू?” तिने मला विचारलं.

“किल्ला छान झालाय की नाही?” बाबांनी प्रयत्न केला.

“इट्स नॉट अ किल्ला, आजोबा!” एवढंच बोलून ती खाली बसली आणि दरवाज्यावरून गळून चिखलात पडलेला एकेक सोनेरी मणी वेचायला लागली. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ती मणी मोजत होती आणि तिचे डोळे भरले होते. मला स्वतःची इतकी लाज क्वचितच वाटली असेल. एक्क्याऐंशीपैकी मणी सत्तरच सापडले.

शुक्रवारी आम्ही तिघा मोठ्यांनी ते धूड उचलून गाडीच्या डिकीत ठेवलं. पहिल्याच वळणावर खंदक सीटखाली गेला, दुसऱ्या वळणावर डोंगर. शाळेच्या हॉलमध्ये इतर मुलांची टापटीप संग्रहालयं होती आणि आमच्या टेबलावर, भूकंप आणि पूर एकदमच आल्यासारखा, हिरवा चिखल. ईराने पाच मिनिटं तिकडे पाहिलं. मग बाह्या सरसावल्या, मावळ्यांना बुरुजांवरून काढलं आणि दरवाज्यापाशी एका रांगेत उभं केलं.

तिच्या टीचर आल्या. त्यांनी चिखल पाहिला, अळीव पाहिले आणि माझी हिरवी नखंही पाहिली. “ईरा, डिड एनीवन हेल्प यू?”

मार्क गेले!

“नो,” ईरा माझ्याकडे रोखून पाहत म्हणाली. “नोबडी हेल्प्ड मी.”

यात एक अक्षर खोटं नव्हतं.

मग तिने इंग्रजीत बोलायला सुरुवात केली. आत जायची कुणाला परवानगी नव्हती, बादशहा गेल्यावर दारं कशी उघडली, आता रोज केवढी गर्दी होते. “आणि हे टुरिस्ट,” ती मावळ्यांकडे बोट दाखवून म्हणाली, “तिकिटाच्या लाइनमध्ये आहेत. थोडे चिडलेत, कारण म्युझियम रिपेअरसाठी बंद आहे. या आठवड्यात दोन माणसं तिकीट न काढता आत घुसली होती.”

हॉलभर हशा पिकला. बघता बघता सगळ्यांत मोठी गर्दी आमच्या टेबलाशी झाली. बाबांनाही तिने जवळ बोलावून मावळ्यांची ओळख करून द्यायला लावली. (गुन्ह्यात भागीदार असूनही आजोबांना माफी मिळते, हा सगळीकडचा कायदा आहे.) मार्क पूर्ण मिळाले.

मीही हळूच पुढे सरकलो, तर टेबलाच्या कडेला तीच जुनी ‘फॉरबिडन’वाली चिठ्ठी, चिखलाच्या डागांसकट, पुन्हा चिकटवलेली दिसली.

त्या राजवाड्याची दारं साऱ्या जगाला उघडून शंभरेक वर्षं झाली. आता तिथे मनाई असलेला माणूस पृथ्वीवर एकच उरलाय, आणि त्या संध्याकाळी तो शाळेच्या पार्किंगमध्ये गाडीच्या सीटखालचा खंदक पुसत होता.